मनाच्या गोळ्या – घेऊ की नको?

मैत्रिणींनो, तुमच्या स्वयंपाकघरात एक तरी डबा असा असेलच, की ज्यात जिन्नस कमी आणि कागद जास्त! दुधाचा हिशेब, गॅसची पावती, भिशीची रक्कम, मुलांच्या फीची आठवण. माझ्याकडे तो जुना रव्याचा डबा आहे. दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेच्या सुमाराला त्या डब्यात मी डॉक्टरांची एक चिठ्ठी चार घड्या घालून ठेवली, आणि चांगले १९ दिवस ती बाहेर काढली नाही.

ती चिठ्ठी होती नैराश्यावरच्या गोळ्यांची.

आता तुम्ही म्हणाल, घरची-दारची कामं उरकून शाळेत शिकवायला जाणाऱ्या हसऱ्या बाईला कसलं आलंय नैराश्य? मलाही तसंच वाटत होतं. म्हणून तर हे लिहिते आहे. कारण तुमच्यापैकीही कुणाच्या तरी डब्यात अशी चिठ्ठी असेल.

सुरुवात कळतच नाही

मी सांगलीची. सकाळी घरचं आवरून अकराला शाळेत जाते, अर्धवेळ मराठी शिकवते, चारला घरी. त्या वर्षी जून उजाडला तोच मुळी थकल्यासारखा. पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची, आणि सहाला उठायची वेळ झाली की अंग शिशाचं व्हायचं. जेवणात चव नाही. आवडती मालिका लावावी, तर डोळे पडद्यावर आणि मन कुठेच नाही. मुलाचा डबा भरताना भाजीत मीठ घातलं की नाही, हे तीनदा चाखूनही आठवत नसे. एकदा आठवीच्या वर्गात शिकवता शिकवता वाक्य अर्ध्यात तुटलं. पुढचे शब्दच येईनात. मुलं टकमक बघत राहिली, आणि मी ‘धड्याखालचे प्रश्न सोडवा’ म्हणून खुर्चीत बसले.

घरात ‘हे’ म्हणाले, “दगदग होतेय तुला. चार दिवस माहेरी जाऊन ये.” गेले. आईच्या हातचं खाऊनही रडूच आलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “मन घट्ट कर गं. आपल्याला कशाची कमी आहे?” नेमकं हेच तर मला छळत होतं! कमी कशाचीच नाही, मग मी अशी का? त्या अपराधीपणाने आणखीच खचले.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. हे फार महत्त्वाचं आहे बरं का. थायरॉइड मंदावलं किंवा अंगात रक्त कमी असलं, तरीही बाईला असंच गळून गेल्यासारखं वाटतं. माझे रिपोर्ट ठीक आले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवूया.”

मिरजेचा तो बाक

सांगलीत दाखवलं तर कुणीतरी बघेल, म्हणून मी मिरजेला गेले. मिरज दवाखान्यांचं गाव, तिथे कोण कशाला आलंय हे कुणाला कळतंय! बसमधून उतरले, पदर सावरला, आणि दवाखान्याच्या बाकावर बघते तर काय, आमच्याच शाळेतल्या एक ज्येष्ठ बाई! मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण त्या नुसत्या सरकून बसल्या नि म्हणाल्या, “ये, बस. मी आठ वर्षं येतेय इथे.”

आठ वर्षं! ज्या बाईंच्या टापटिपीचे आम्ही दाखले देतो, त्या आठ वर्षं गोळी घेत होत्या आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

डॉक्टरांनी पाऊण तास बोलून घेतलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहणं किंवा कशातच गोडी न वाटणं. त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडणं, स्वतःला नालायक समजणं. आणि या सगळ्यामुळे रोजच्या कामात अडचण येणं. असं असेल तर तो नुसता वाईट मूड नव्हे, आजार आहे, असं त्यांनी समजावलं. २०१५-१६ साली आपल्या देशात बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीतही दर वीस माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा त्रास झाल्याचं दिसलं होतं. म्हणजे आपल्या भिशीत वीसजणी असतील, तर हिशेब तुम्हीच करा.

मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. आणि ती माझ्या रव्याच्या डब्यात गेली.

एकोणीस दिवसांची भीती

भीती कसली वाटत होती? एक असेल तर सांगू!

पहिली भीती माझ्या मावशीमुळे. चाळीस वर्षांपूर्वी तिला अशाच कसल्या गोळ्या सुरू होत्या. ती दिवसभर गुंगीत असायची, जीभ कोरडी, चालताना तोल जायचा. ‘गोळ्यांनी बाईचं लाकूड केलं’ असं आजी म्हणायची. ते वाक्य माझ्या कानात बसलेलं.

दुसरी भीती सवयीची. एकदा लागली की जन्माची चिकटली, असं सगळे सांगतात.

तिसरी वजनाची. हसू नका! वर्षभर चालून चार किलो उतरवले होते मी.

चौथी, आपण आपण राहणार नाही. गोळीने आणलेलं हसू माझं की गोळीचं?

आणि पाचवी, सगळ्यात खरी: लोक काय म्हणतील? नणंदेचं स्थळ बघणं चालू होतं. घरात ‘तसल्या’ गोळ्या घेणारी वहिनी आहे हे कळलं तर?

या भीतीत भर म्हणून मी मोबाइलवर त्या गोळीचे दुष्परिणाम वाचले. दीड हात लांब यादी! ती वाचून मला गोळी न घेताच मळमळायला लागलं.

शेवटी बाकावरच्या त्या बाईंनाच मधल्या सुट्टीत गाठलं. त्या म्हणाल्या, “यादी सगळ्याच औषधांची लांब असते. तापाच्या गोळीच्या पाकिटातला कागद वाचलायस कधी? कितीजणांना होतं नि किती दिवस राहतं, ते विचार. आणि मनातलं सगळं लिहून डॉक्टरांकडे ने. तोंडी विसरायला होतं.”

जमा-खर्चाची वही

मी लिहून नेलं. डॉक्टरांनी एकेक ओळ वाचली, हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत तुम्हाला सांगते.

मावशीच्या काळातली औषधं बहुधा जुन्या पिढीतली होती. नैराश्यावरचं औषध मुळात अचानक सापडलं. १९५२ साली न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात क्षयाच्या रोग्यांना एक नवं औषध दिलं, तेव्हा खिन्न पडून राहणारे रोगी एकदम उल्हसित दिसू लागले. पुढे ते औषध यकृताला घातक ठरल्यामुळे मागे पडलं, पण वाट सापडली. १९५०च्याच दशकात इमिप्रामीन आलं. त्या जातीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, गुंगी हे प्रकार जास्त होत. १९८७च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली, आणि पुढे त्याच घराण्यातली सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम अशी औषधं आली. हीदेखील निर्दोष नाहीत. पण बहुतेकांना जुन्यांपेक्षा सोसायला सोपी जातात.

सवयीबद्दल त्यांनी एक घोटाळा दूर केला. आपण झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या नि नैराश्याच्या गोळ्या एकाच टोपलीत टाकतो. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची खरोखर सवय लागते, डोस वाढवावासा वाटतो. नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी तलफ येत नाही. मात्र शरीर त्यांना सरावतं, म्हणून एकदम बंद केल्या तर त्रास होतो. थांबवायच्या त्या हळूहळू, डॉक्टर सांगतील तशा पायऱ्यांनी.

वजनाचं म्हणाल, तर काही गोळ्यांनी ते वाढतं, काहींनी फारसं नाही. ज्याची आपल्याला धास्ती वाटते ते आधीच सांगितलं, तर डॉक्टर निवड करताना विचार करू शकतात.

“गोळीचा गुण येतो तरी का?” मी विचारलं. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २१ औषधांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर माणसं. मोठ्या माणसांतल्या नैराश्यावर ती सगळी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. पण फरक जादूसारखा नव्हता, बेताचा होता. ‘मेंदूतलं एक रसायन कमी झालं, गोळीने भरून काढलं’ इतकं हे सोपंही नाही. कुणाला पहिलीच गोळी लागू पडते, कुणाला बदलून बघावी लागते. आजार सौम्य असेल तर गोळीशिवाय, नुसत्या समुपदेशनाने आणि नियमित व्यायामानेही बरं वाटू शकतं. मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळी आणि समुपदेशन यांची जोडी बरी.

मग त्यांनी माझ्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली नि म्हणाले, “गोळी घेण्याचे दुष्परिणाम तुम्ही लिहून आणलेत. आता घरी जाऊन गोळी न घेण्याचे दुष्परिणाम लिहा.”

मैत्रिणींनो, मी त्या रात्री ओट्याशी उभी राहून लिहायला लागले. मुलावर विनाकारण ओरडले. लेकीच्या वेण्या आठ दिवस आईंनी घातल्या. वर्गात वाक्य तुटलं. ‘ह्यां’च्याशी दोन महिन्यांत धड बोलले नाही. आणि शेवटची ओळ लिहिताना हात थांबला: आपण नसलो तर या सगळ्यांचं बरंच होईल, असं अलीकडे मला वाटायला लागलं होतं. ते मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मुलगा पाणी प्यायला आला. माझ्याकडे बघून म्हणाला, “आई, तू आमच्यावर रागावलीयस का?”

चिठ्ठी डब्यातून बाहेर आली ती तेव्हा. ‘ह्यां’ना उठवून वही हातात दिली. त्यांनी शेवटची ओळ वाचली, बराच वेळ बोलले नाहीत. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दोघं मिरजेच्या बाकावर होतो.

पहिले पंधरा दिवस

गौरी यायच्या आदल्या दिवशी मी पहिली गोळी घेतली. अर्धीच. डॉक्टरांनी सुरुवात कमीने करून मग वाढवली.

खोटं कशाला सांगू, पहिला आठवडा वाईट गेला. सकाळी मळमळ, डोकं जड, पोट बिघडलेलं, आणि जांभया! वर्गात जांभई आवरता आवरेना. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, तुम्हालाच धडा कंटाळवाणा वाटतोय!” दोन दिवस उगाच बेचैन वाटलं. हे होईल असं आधीच सांगितलेलं होतं, म्हणून घाबरले नाही. गोळी जेवणानंतर घ्यायला लागले, तशी मळमळ कमी झाली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बहुतेक त्रास गेला होता.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, मी काही सांगितलं नव्हतं. पण एके सकाळी माझ्या गोळीच्या पाकिटाशेजारी झाकलेल्या बशीत अर्धी भाकरी आणि दही! म्हणाल्या, “रिकाम्या पोटी घेऊ नकोस हं.” बस्स. कसली गोळी, कशाला, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही. नवरात्रात मात्र स्वतःहून म्हणाल्या, “यंदा उपास धरू नकोस. देवीला कळतं.”

गंमत अशी की, त्रास आधी येतो नि गुण मागाहून. म्हणूनच कितीतरी बायका दहाव्या दिवशी ‘मला सोसत नाही’ म्हणून गोळी टाकून देतात. थोडाफार फरक दोन ते चार आठवड्यांत दिसू लागतो, पुरता गुण यायला सहा-आठ आठवडेही लागतात. मला कधी कळलं सांगू? दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस भेंडी चिरताना मी गुणगुणत होते. लेक धावत येऊन म्हणाली, “आई गाणं म्हणतेय!” ते हसू गोळीचं नव्हतं हो, माझंच होतं. कुठेतरी अडगळीत पडलं होतं, एवढंच.

माझी चूक

आता माझा मूर्खपणाही ऐका. माघात सोलापूरला लग्न होतं. आता मी छान आहे, चारचौघींत पाकीट कशाला दाखवा, म्हणून गोळ्या मुद्दाम घरी ठेवून गेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होई, उगाच रडू येई. मला वाटलं, आजार परतला! तो आजार नव्हता, एकदम थांबवल्याचा त्रास होता. डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू केल्यावर दोन दिवसांत ओसरला.

दुसरी गोष्ट आपण बायका कुणाला सांगत नाही. या गोळ्यांनी पतिपत्नींमधल्या जवळिकीची इच्छा काहीजणांत मंदावते. माझं तसं झालं. महिनाभर मी गप्प राहिले, आणि ‘हे’ मनात भलतंच धरून बसले. शेवटी दोघांनी मिळून डॉक्टरांना सांगितलं. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. डोस कमी करणं, गोळी बदलणं असे उपाय असतात. माझा डोस थोडा उतरवला आणि फरक पडला. वजन म्हणाल तर तीन किलो वाढलं. त्यातलं गोळीचं किती आणि पुन्हा गोड लागू लागलेल्या पुरणपोळीचं किती, देव जाणे!

चिठ्ठी घेताना हे सांगाच

तुमच्यापैकी कुणी या वळणावर उभी असेल, तर एवढं जरूर करा:

– दिवस गेले असतील, जायची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आधी सांगा. अशा वेळी चालणाऱ्या गोळ्या असतात. पण गोळी आधीपासून चालू असेल, तर दिवस गेल्याचं कळताच घाबरून आपल्या मनाने बंद करू नका.

– तुम्ही घेत असलेलं प्रत्येक औषध दाखवा, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अशा गोळ्या यांच्याबरोबर वारंवार घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

– पूर्वी कधी काही दिवस भलताच उत्साह, झोपेची गरजच नाही, बेसुमार खर्च असं झालं असेल, तर ते जरूर सांगा. त्या आजाराचे उपचार वेगळे असतात.

– घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांना गोंधळल्यासारखं, फार गळाल्यासारखं वाटलं, तर रक्तातलं सोडियम तपासावं लागतं. लगेच कळवा.

– पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना गोळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे डोळ्यात तेल घालून जपा. त्या वयात क्वचित स्वतःचं बरंवाईट करण्याचे विचार सुरुवातीला वाढू शकतात. बेचैनी वाढली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

– मैत्रिणीला लागू पडली म्हणून तिची गोळी आपण घ्यायची नाही. ही काही लोणच्याची कृती नव्हे!

– बरं वाटलं की लगेच थांबवायचं नाही. पहिल्यांदाच आजार झाला असेल, तर बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा होत असेल, तर जास्त काळ.

खर्चाची काळजी असेल, तर सरकारी जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग आहे का, याची चौकशी करा. आणि ‘मी नसले तर बरं’ हा विचार ज्या दिवशी मनात येईल, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. घरी सांगवत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा ‘टेलिमानस’चा फोन आहे. २०२२ सालापासून तो रात्रंदिवस चालू आहे, पैसे पडत नाहीत, आणि मराठीतही बोलतात. मी ती ओळ वहीत लिहिली, आणि वही ‘ह्यां’च्या हातात दिली, म्हणून आज तुमच्याशी बोलते आहे.

आणि आता?

त्या वर्षी दिवाळीला मी बरी होते. पुढे नऊ महिने गोळी घेतली, मग दोन महिन्यांत हळूहळू उतरवत थांबवली. आज मी गोळीवर नाही. उद्या पुन्हा लागली, तर चिठ्ठी डब्यात जाणार नाही. शाळेतल्या त्या बाईंची चालूच आहे, आणि त्यांची टापटीप तशीच आहे. माझ्या एका मैत्रिणीने मात्र डॉक्टरांशी बोलून गोळी न घ्यायचं ठरवलं. तिचा त्रास सौम्य होता. समुपदेशन आणि रोजचं फिरणं यांनी तिला उतार पडला. तिचंही बरोबर, माझंही बरोबर. चूक होती ती फक्त त्या १९ दिवसांची, जेव्हा मी ‘हो’ही म्हटलं नाही नि ‘नाही’ही म्हटलं नाही, नुसती घाबरून बसले.

नणंदेचं लग्न गेल्या वैशाखात झालं. पाठवणीच्या आधी तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, “वहिनी, त्या मिरजेच्या डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे देऊन ठेव हं. कधी लागलाच तर.” तिला सगळं माहीत होतं! आणि मी मात्र तिच्याच स्थळाच्या काळजीने चिठ्ठी लपवत होते.

नंबर मी तिला दिला. रव्याच्या डब्यात आता रवाच आहे.